फुगे कुठे अडले?

अमेरिकेतल्या पक्षांची अधिवेशनं चार वर्षांतून एकदा भरतात आणि रंगात येतात ती आपल्याकडे सकाळी साडेसातच्या सुमाराला. त्यामुळे तिथल्या लोकशाहीचा आणि आमच्या पोह्यांच्या फोडणीचा मुहूर्त एकच.

२०२४च्या ऑगस्टमध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. एकेका राज्याचं नाव पुकारलं जाई, डीजे त्या राज्याचं गाणं लावी आणि प्रतिनिधी डोलत डोलत कमला हॅरिस यांना मतं देत. "अहो, होईल ना हिची निवड?" बायकोनं काळजीनं विचारलं. म्हटलं, अगं, उमेदवारी दोन आठवड्यांपूर्वीच ऑनलाइन मतदानात पक्की झाली आहे. "म्हणजे रजिस्टर लग्न उरकलंय, हे नुसतं रिसेप्शन!" इतकं नेमकं विश्लेषण मला एकाही वाहिनीवर ऐकायला मिळालं नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९२४ साली न्यूयॉर्कला याच पक्षाला उमेदवार ठरवायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या होत्या. एवढ्या खटपटीनंतर निवडलेले जॉन डेव्हिस निवडणुकीत आपटले, ती गोष्ट वेगळी. आता निकाल आधी, भाषणं नंतर. तीही टेलिप्रॉम्प्टरवर सरकणारी. कुठल्या वाक्याला कुठला फलक उंचवायचा तेही ठरलेलं. मी पाहत बसतो ते एवढ्या बंदोबस्तातूनही काय निसटतं त्यासाठी.

२०२४च्याच जुलैत मिलवॉकीला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ट्रम्प यांच्या हातून निसटला तो वेळ. कानाला पट्टी बांधून ते आठच्या सुमाराला उभे राहिले. मावशी आल्या, भांडी घासून झाली, फरशी पुसून झाली. "अजून हेच बोलतायत?" असं विचारून त्या पुढच्या घरी गेल्या, तरी भाषण चालूच. दीड तास उलटला तेव्हा कुठे ते थांबले.

अर्थात लांबण लावल्यानं कुणाचं नुकसान होतंच असं नाही. १९८८ साली अटलांटाला डुकाकिस यांचं नाव सुचवायला बिल क्लिंटन उभे राहिले आणि अर्धा तास झाला तरी बसेनात. समारोपाकडे वळतो म्हणाले, तेव्हा सभागृहानं टाळ्यांचा असा कडकडाट केला की बस! चार वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले. डुकाकिस राहिलेच.

पण माझं लाडकं भाषण २०१२चं, टॅम्पामधलं. अभिनेते क्लिंट ईस्टवूड यांनी रिपब्लिकन मंचावर रिकामी खुर्ची ठेवली, तिच्यात ओबामा बसलेत असं धरून तिला प्रश्न विचारले, मधूनच तिची उत्तरं ऐकली आणि तिला दटावलंही. खुर्चीसाठी बोलणारे जन्मभर पाहिले. खुर्चीशी बोलणारा हा पहिलाच. रिकाम्या खुर्च्या आपल्या सभांनाही असतात म्हणा, पण त्या समोर.

सगळ्यात शेवटी फुगे. उमेदवाराचं भाषण संपलं की छतातून ते हजारोंनी खाली यायलाच हवेत. १९८०मध्ये कार्टर यांचे छतातच अडले. २००४ साली बोस्टनला केरी यांचं भाषण संपलं, फुगे रेंगाळले आणि कार्यक्रमाच्या दिग्दर्शकाचा आवाज सीएनएनवर थेट जगाला ऐकू गेला. आधी आर्जव, मग आरडाओरडा, मग शिवी. त्या चार दिवसांत लिहून न आणलेलं भाषण बहुधा तेवढंच झालं.