कापड दुकानाचा टपालप्रचार : शिरूर अनंतपाळ तालुक्यापुरते एक मार्गदर्शन

ग्राहक दुकानात येण्याची वाट न पाहता दुकानाचा मजकूर छापून तो ग्राहकाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचविणे, या क्रियेस टपालप्रचार म्हणतात. एरन माँटगोमेरी वॉर्ड या शिकागोच्या व्यापाऱ्याने १८७२ मध्ये एका कागदावर किंमतयादी छापून ती खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांना टपालाने पाठविली, तेव्हा विकणारा आणि घेणारा एकमेकांस अनोळखी होते व मध्ये शेकडो मैलांचे अंतर होते. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ येथील कापड दुकानदाराची अडचण याच्या नेमकी उलट आहे. कारण दुकान कोठे आहे, मालक कोणाचा जावई आहे आणि गेल्या लग्नसराईत त्याने दिलेल्या लुगड्याचा रंग कितव्या धुण्याला गेला, हे सर्व ग्राहकास आधीच ठाऊक असते. तेव्हा माहिती देणे हा या प्रचाराचा हेतू असू शकत नाही. मान देणे हा त्याचा एकमेव हेतू होय, आणि पुढील सर्व सूचना याच पायावर उभ्या आहेत.

पहिला विचार पत्त्याचा. ग्रामीण पत्ता मु., पो., ता. आणि जि. या चार संक्षेपांनी, म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका व जिल्हा यांनी, लिहिण्याची रीत आहे. १९९९ मध्ये शिरूर अनंतपाळ हे तालुक्याचे ठिकाण झाल्यापासून पहिल्या तिन्हींस एकच नाव पुरते व शाईची बचत होते. या बचतीच्या उत्साहात ‘अनंतपाळ’ हा शब्द मात्र गाळू नये. पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे आणि खुद्द लातूर जिल्ह्याच्या अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे, त्यामुळे अर्धवट पत्त्याचे पत्र अन्य शिरूरकरांना खरेदीचे निमंत्रण देऊन येण्याची शक्यता राहते. असा घोळ टळावा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा अंकी पिनकोड आला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्य-नाटके लिहिणारे मराठी अधिकारी होते, यावरून पत्ता हा विषय व्याकरणाइतकाच काटेकोर असल्याचे मानण्यास हरकत नाही. टपाल खात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ नावाची एक सेवाही आहे. तीत पाकिटावर नाव-पत्ता न घालता ठरावीक भागातील घरोघरी कागद वाटला जातो. सेवा उत्तम आहे, परंतु ज्या कागदावर आपले नाव नाही तो कागद आपल्याला आला असे या तालुक्यात कोणी मानत नाही.

नावे हवीत म्हटल्यावर यादी आली, आणि यादीचा विषय निघाला की उधारीच्या वहीकडे वळणे भाग पडते. माल नेला पण पैसे राहिले अशा ग्राहकांची नोंद ज्या लाल बांधणीच्या पुस्तकात असते, त्यास उधारीची वही म्हणतात. तिच्याइतकी अद्ययावत नोंद कोणत्याही सरकारी कचेरीत सापडणार नाही. ‘साकोळचे अण्णा, मळ्यातले, हिरवे नऊवार एक, टॉवेल दोन, सोयाबीनवर’ अशी एक ओळ पाहिली तरी तीत गाव, वस्ती, वय, आवड आणि ऐपत एवढे सर्व येते. ‘सोयाबीनवर’ याचा अर्थ पीक निघून आडतीवर विकले गेल्यावर पैसे देण्याचा वायदा असा आहे. मोठमोठ्या कंपन्या असे तपशील गोळा करण्यासाठी लाखो रुपये मोजतात, दुकानदारास मात्र ते केवळ स्वतःचे पैसे बुडवून मिळतात.

तथापि या यादीस एक अंगभूत दोष आहे. वहीत नाव असलेल्या ग्राहकाच्या हाती दुकानाचे पाकीट पडले की, आत काय छापले आहे हे न पाहताच, तो त्यास तगादा समजतो. त्या दिवसापासून तो दुकानासमोरचा रस्ता सोडून मागच्या बोळाने जाऊ लागतो आणि पुढचा बस्ता, म्हणजे लग्नातील दोन्हीकडच्या मंडळींची एकत्रित कापडखरेदी, उदगीरला जाऊन रोखीने करतो. यावर काही अननुभवी दुकानदार पत्रकाच्या तळाशी ‘या पत्राचा जुन्या हिशेबाशी संबंध नाही’ अशी ओळ छापतात. त्यामुळे ज्यांना उधारी आठवत नव्हती त्यांना ती आठवते, आणि ज्यांची काहीच बाकी नाही ते मान्यवर, आपल्या नावावर कसला हिशेब लिहिला आहे, हे विचारण्यास चारचौघांना घेऊन येतात. वहीतील नावे वगळावीत म्हटले तर यादीत उरतात फक्त तलाठी, ग्रामसेवक आणि दोन-तीन शिक्षक, व त्यांचीही बदली केव्हाही होऊ शकते. यावर एकच तोड आहे : वहीतील नावांची पाकिटे टपालाने न धाडता दुकानातील सर्वांत वयस्क माणसाने ती स्वतः न्यावीत, आधी जनावरांची, मग पावसाची, मग पोरीच्या स्थळाची चौकशी करावी, आणि निघताना पाकीट सहज आठवल्यासारखे काढून द्यावे. यास टपालप्रचार म्हणावे की पाहुणचार, हा वाद पंडितांवर सोडणे इष्ट.

मजकुराच्या बाबतीत नवे काही शोधण्याची गरज नाही, कारण लग्नपत्रिकेच्या रूपाने टपालप्रचाराचा सर्वांगपूर्ण नमुना घरोघरी उपलब्ध आहे. माथ्यावर कुलदैवत व ग्रामदैवत, त्याखाली दिवंगत आजोबांचा आशीर्वाद, मध्ये कार्य, आणि शेवटी निमंत्रकांची नावे, हाच क्रम दुकानाच्या पत्रकात ठेवावा. सवलतीचा आकडा चुकला तर कोणी विचारत नाही. चुलत्याचे नाव पुतण्याच्या खाली गेले तर मात्र दोन पिढ्या बोलणे बंद राहते. पुढाऱ्यांची छायाचित्रे टाकू नयेत, टाकल्यास सर्वांची टाकावीत, आणि सर्वांची टाकल्यावर साडीसाठी जागा उरत नाही, हे आधीच मोजून पाहावे.

काळ निवडताना दिनदर्शिकेपेक्षा शिवाराकडे पाहणे श्रेयस्कर. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास हाती येतो आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या तिथी निघू लागतात, म्हणून या दोहोंमधील थोडे दिवस सर्वोत्तम. मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, जिला या भागात येळवस म्हणतात, कटाक्षाने टाळावी. त्या दिवशी शिवारात कडब्याची कोप उभारून पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण तेथेच चालते, आणि गावात कुलपांखेरीज पत्रक घेणारे कोणी उरत नाही. दुकानदाराने स्वतः पत्रके घेऊन शेतात जाण्याचा मोह धरल्यास त्यास आग्रहाने इतके जेवू घालतात की उरलेली पत्रके कोपीतच राहतात. उजेड या गावी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते व तेथे गर्दी चांगली असते; मात्र गांधीबाबाच्या यात्रेत चमकीच्या साड्यांचे पत्रक वाटणे कितपत शोभते, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

वर्तमानपत्राच्या घडीत पत्रक घालण्याचा मार्ग स्वस्त आहे, पण पेपर हॉटेलात येतो आणि पत्रक पहिल्याच भज्यांच्या बशीखाली जाते. त्या मानाने दुकानाचे नाव छापलेले कॅलेंडर बारा महिने भिंतीवर टिकते, व ‘कालनिर्णय’ने १९७३ पासून पंचांगच भिंतीवर आणल्यामुळे चतुर्थी पाहणारी प्रत्येक नजर खालच्या दुकानावरूनही जाते.

यशाचे मोजमाप अन्यत्र कुपन किती परत आले यावरून करतात. येथे ते ‘आम्हाला पत्रिका आली नाही’ असे सांगायला किती जण आले यावरून करावे, कारण असा रुसलेला माणूस स्वतः चालत येतो, गादीवर बसतो, चहा घेतो आणि समजूत निघता निघता निदान एक टॉवेल तरी घेऊन जातो. एवढ्यावरून काही घरे मुद्दाम वगळावीत असा निष्कर्ष कोणी काढील, पण वगळलेल्यांत व्याह्याचे घर निघाल्यास तो टॉवेल फार महाग पडतो. राहता राहिला छपाईचा प्रश्न : पत्रक एकाच बाजूने छापावे, कारण वाचून झाल्यावर पाठकोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहिता येतो, आणि ज्या कागदावर हिशेब आहे तो महिनाभर तरी कोणी टाकून देत नाही.