बादलीच्या गावाला या

मोदेना, इटली

तीर्थरूप आई-बाबांस,


पार्सल पोहोचलं. मेतकूट शाबूत आहे. भाजणीची एक पुडी बाबांच्या लोकरी मोज्यांत सांडली होती, ती झटकून डब्यात भरली. आईनं विचारायच्या आत सांगून टाकते. सुमामावशीच्या नातवाचं नाव कळलं. त्यावर माझं मत लिहीत नाही, कारण हे पत्र मावशीकडेही वाचलं जाणार. आता मुद्द्याचं, कुकर होईपर्यंत जमेल तेवढं. बंडूकाकांच्या सांगण्यावरून तुम्ही जी सहल जवळजवळ नक्की केली आहे, आठ दिवसांत रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि रोज रात्री हमखास पनीर, तिचे पैसे भरू नका. विमानाची तिकिटं काढा आणि सरळ मोदेनाला या. लेक तिथे राहते म्हणून या, असं मी म्हणत नाही. ते कारण आहेच, पण त्यावर बाबा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात हा अनुभव आहे, म्हणून रीतसर युक्तिवाद करते.

माझं म्हणणं एवढंच, की जे गाव स्वतःसाठी रांधतं तिथे पाहुणा नीट जेवतो. जे गाव पाहुण्यांसाठीच रांधतं तिथे तो फक्त बिल भरतो. यात इटलीवर राग नाही, हा साधा व्यवहार आहे. व्हेनिसच्या जुन्या बेटावर आता पन्नास हजारांहून कमी माणसं राहतात, आणि पर्यटक इतके येतात, की 2024 पासून काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला लागले. आता विचार करा, जो गिऱ्हाईक आज आला आणि जन्मात परत येणार नाही, त्याच्यासाठी पास्ता मऊ झाला काय आणि कडक राहिला काय, आचाऱ्याचं काय बिघडतं? मोदेनात पावणेदोन लाखांच्या वर वस्ती आहे आणि खाणावळीत शेजारच्या टेबलावर बहुधा गावातलाच वकील नाहीतर न्हावी असतो. त्याला वाईट वाढलं तर तो उद्या येत नाही, आणि का येत नाही हे चौकात सांगतो. तुम्ही त्याच्या शेजारी बसलात, की त्याच्या तक्रारखोरपणाचा फायदा तुम्हाला फुकट मिळतो. बसण्याचे माणशी दोन-तीन युरो मात्र वेगळे लावतात. पाव आणि टेबलक्लॉथचे पैसे म्हणतात. बाबा, त्यावर वाद घालायचा नाही.

आता इथला सगळ्यात चीड आणणारा नियम, कारण तो तुम्हाला पहिल्याच दिवशी भोवेल. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी साडेसातला उघडणार. मधल्या वेळात कुणी उपाशी मरत असलं तरी त्याला कॉफी मिळेल, जेवण नाही. पुण्यातल्या दुकानांच्या एक ते चारवर जन्मभर विनोद करणाऱ्या माणसांना हे नव्यानं शिकावं लागू नये, पण आपण ते विनोद दुकानाबाहेर उभं राहून करतो, इथे रिकाम्या पोटी करावे लागतात. मात्र माझ्या मते हाच नियम माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. दिवसभर उघडं असलेलं, दारात अन्नाचे फोटो लावलेलं हॉटेल कुणासाठी चालतं हे सांगायला नको. जे अडीचला बंद होतं ते गावाच्या पोटाच्या वेळेनं चालतं. मंडईचंही तसंच. आल्बिनेल्ली नावाची छप्पर असलेली मंडई 1931 पासून आहे. त्याआधी बाजार मोठ्या चौकात उघड्यावर भरायचा. मधोमध कारंजं आहे, फळांची टोपली घेतलेल्या मुलीचं, आणि भोवती म्हाताऱ्या बायका टोमॅटो दाबून बघतात आणि नापसंतीनं परत ठेवतात. आई, तुला दुभाषा लागणार नाही. रविवारी दुपारी एकच्या सुमाराला सगळ्या गल्लीतून भांड्यांचे आवाज येतात, घरोघरी तीन पिढ्या एका टेबलाशी बसलेल्या असतात. त्या वेळी आमच्याकडे आम्ही तिघंच असतो. हे वाक्य युक्तिवादात धरू नका.

किमतीचा आक्षेप बंडूकाका घेणार, म्हणून सगळ्यात भयंकर किंमत आधीच सांगते. इथलं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर, शंभर मिलिलिटरची बाटली. बारा वर्षं मुरलेलं साठ-सत्तर युरोच्या घरात आणि पंचवीस वर्षं मुरलेलं शंभराच्या आसपास किंवा वरच. रुपयांत गुणाकार करू नका, रक्तदाब वाढेल. पण मग ते इतकं महाग का, हेही ऐका. त्यात द्राक्षांच्या आटवलेल्या रसाशिवाय काहीच नाही. तो रस माळ्यावर लहान-लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत ठेवतात: ओक, चेस्टनट, चेरी, तुती, अशी वेगवेगळी लाकडं. माळ्यावरच, कारण उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याचा गारठा दोन्ही त्याला लागतात. दर वर्षी सगळ्यात धाकट्या पिंपातून थोडंसं काढायचं, तेवढं त्याच्या मोठ्या भावातून भरायचं, असं करत शेवटी थोरल्यात नवा रस ओतायचा. मुलगी जन्मली की तिच्या नावानं पिंपं मांडायची आणि लग्नात ती द्यायची, अशी जुनी रीत आहे. जगभरच्या दुकानांत दोन-चार युरोंना मिळतं ते वेगळं: त्यात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं असतं आणि साठ दिवसांत ते बाजारात जायला मोकळं होतं. तेही खोटं नाही, कायद्यानं त्यालाही मोदेनाचं नाव आहे. पण जे जगाला पाठवतात ते साठ दिवसांचं आणि जे माळ्यावर ठेवतात ते पंचवीस वर्षांचं, यावरून हे गाव कुणासाठी रांधतं ते बघा. आणि ते आमटीत घालायचं नसतं. चार थेंब स्ट्रॉबेरीवर नाहीतर आइस्क्रीमवर. चार थेंबांचा हिशेब केलात तर बंडूकाकांच्या दिवसभराच्या गुटख्याहून स्वस्त पडेल. (काका, डॉक्टरांनी काय सांगितलं ते आईनं मला सांगितलंय.)

‘पण तिथे बघायचं काय?’ हा बाबांचा प्रश्न. बादली. चेष्टा करत नाही. 1325 साली मोदेनानं बोलोन्याचा लढाईत पराभव केला आणि परतताना वेशीबाहेरच्या विहिरीवरची लाकडी बादली उचलून आणली. बादलीवरूनच युद्ध पेटलं अशी दंतकथा पुढे झाली, पण आधी लढाई झाली आणि मग बादली आली. तास्सोनी नावाच्या इथल्या कवीनं सतराव्या शतकात त्यावर अख्खं विनोदी महाकाव्य लिहिलं, त्याचा पुतळा कॅथेड्रलच्या मनोऱ्याजवळ उभा आहे. बादली नगरपालिकेच्या इमारतीत जपून ठेवली आहे, सातशे वर्षं झाली, परत दिलेली नाही. त्याच इमारतीच्या माळ्यावर नगरपालिकेची स्वतःची व्हिनेगरची पिंपंही आहेत. आपल्या महापालिकेच्या माळ्यावर काय असेल याची कल्पना बाबांनीच करावी. चौकातलं कॅथेड्रल 1099 साली बांधायला घेतलं. ते, मनोरा आणि चौक मिळून 1997 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्याच्या एका दाराला मासळी बाजाराचं नाव आहे आणि त्या दारावर बारा महिन्यांची शेतीची कामं दगडात कोरलेली आहेत. देवळाच्या दारावर ज्यांनी शेतकऱ्याचं वर्ष कोरलं, त्यांच्या जेवणावर मी विश्वास ठेवते. फेरारी आणि पावारोत्ती दोघंही याच गावचे, पण त्यांची जाहिरात करायला माझी गरज नाही. मायकेलअँजेलो इथे नाही, हे मान्य. त्याच्यासाठी एक दिवस रेल्वेनं फ्लोरेन्सला जाऊन येता येतं. बोलोन्या अर्ध्या तासावर आहे, तिथे गाडी बदलायची.

खरा अवघड आक्षेप आईचा आहे आणि तो मी खोडून काढू शकत नाही. मोदेनाचं अन्न डुकरावर उभं आहे. तोर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणात तेच, आणि त्या कोंबड्याच्या रश्शात येतात. ग्नोक्को नावाच्या पिठाच्या तळलेल्या पदार्थात मांस दिसत नाही, पण तो परंपरेनं चरबीत तळतात. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षं बिनधास्त शाकाहारी समजत आलो तेही गेलं. तुमच्या सहलीतल्या पनीरवाल्यालाही त्या चीजबद्दल विचारून बघा, काय उत्तर देतो ते. इथे निदान विचारलं तर तोंडावर सांगतात. आईसाठी मंडईतली भाजी, विन्योलाची काळी चेरी, ते चार थेंब आणि रोज घरचा वरणभात. बाबांना सोमवार आणि गुरुवार सोडून पूर्ण मोकळीक, मी बघितलं नाही असं म्हणेन.

चेरी मेअखेर ते जूनमध्ये असते, तेव्हा या. आंब्याचा मोसम बुडतो म्हणून बाबा कुरकुरतील, पण तोवर हापूस संपत आलेला असतो. ऑगस्टात मुळीच नको. पंधरा ऑगस्टला इथेही सुट्टी असते आणि त्याच्या मागेपुढे निम्मं गाव कुलूप लावून समुद्रावर जातं. व्हिसाचे कागद मार्चमध्येच जमवायला घ्या. बॅगेत पेढे, खवा, तूप घालू नका, युरोपबाहेरचे दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. आंबाही सरकारी प्रमाणपत्राशिवाय अडतो. नारळाला मात्र परवानगी आहे. दोन आणा, सोललेले.

तुमची,
मंजू