करडू ओरडलं, आणि थोरली उठली

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा अशा तारेपाशी. रविवारी तुम्ही नेमक्या माहेरी, आणि चर्चमध्ये जे काय झालं म्हणता!

हार्वेस्टचा सण होता. वेदीपुढं बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, कुणाची अंडी, कुणाचा केक. आणि आपल्या थोरलीनं काय आणावं? करडू! पांढऱ्या कपाळाचं, गळ्यात लाल रिबीन, बाहेर लिंबाला बांधलेलं. बाया म्हणतायत, "नंबर एकचं जनावर दिलंत हो देवाला!" ही पदर सावरत म्हणते, "त्याचंच आहे सगळं." दशमांशाच्या पाकिटावरसुद्धा एवढं ठळक नाव घालते ती... जाऊ द्या, मला काय करायचंय.

तर काय सांगत होते? हां, पाळकसाहेब. त्यांनी नेमका शौल राजा काढला, 1 शमुवेल 15. अमालेक्यांचं काही राखू नकोस म्हणून देवानं बजावलेलं, आणि यानं धष्टपुष्ट मेंढरं तेवढी वाचवली. वर शमुवेलाला सांगतो, देवाची आज्ञा पाळली हो! शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे कसलं बेंबें येतंय... साहेब एवढं म्हणायला आणि बाहेरून "बेंऽऽ!"

अहो, हसू आवरेना! पोरं बाकाखाली. मास्तरीणबाईंनी रुमाल तोंडात कोंबला. साहेब आपले चष्मा पुसत बसले. थोरलीही हसली आधी. पण साहेब शौलावरून मत्तयाच्या 5 व्या अध्यायावर आले, वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हणतात ना, तो. तिचा चेहरा असा पडला, दूध नासावं तसा. कारण सगळ्या माना वळल्या दाराकडं. तिथं कोण? तिचीच धाकटी जाऊ! बांधावरून दोन वर्षं अबोला, तुम्हाला ठाऊकच आहे. प्रभुभोजनालासुद्धा एक पहिल्या खेपेला जाते, दुसरी शेवटच्या. एकच भाकर, एकच प्याला, आणि या दोघी अशा.

मास्तरीणबाई माझ्या कानात म्हणतात, "आज्ञा पाळणं काही चुटकीसरशी होत नाही. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, 1900 चा. पाच वर्षं लागली बाईला, पण स्वतःच्या मनानं गेली." या बाईंना कुठंही टिळक आठवतात. मी म्हटलं, गप बसा, थोरली उठलीय!

खरंच उठली. संदेश चालू असताना, सरळ मधल्या वाटेनं मागं. पंख्याचा तेवढा आवाज. धाकटीपुढं उभी राहिली आणि काय म्हणाली असेल? माफी नाही, रडणं नाही. म्हणाली, "उद्या सकाळी बांधावर ये. मोजणीवाला नको. दोरी मी आणते, टोक तू धर."

धाकटी वर बघेचना. मला वाटलं, झालं, आता उठून जाते ही. तर तिनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकली. थोरली बसली तिथंच! उपासना-संगीताचं पुस्तक एकच होतं, दोघींनी एकेक बाजू धरली. सूर काही जुळत नव्हता, ते सोडा.

सोमवारी मोजलंसुद्धा. दीड हात निघाली जमीन, थोरलीकडं सरकलेली. दीड हात हो! त्यापायी दोन दिवाळ्या, दोन नाताळ गेले.

आता तुम्ही म्हणाल, जिभेवरच्या संदेशाचं काय झालं? गेल्या महिन्यात याकोबाचं पत्र ऐकून मी कानाला खडा लावला होता, कुणाबद्दल बोलायचं नाही. बुधवारपर्यंत निभावलं. पण ही काय चहाडी आहे का? चांगलंच सांगतेय की!

आणि करडू? अर्पणांच्या लिलावात धाकटीनंच घेतलं, दोनदा बोली वाढवून. थोरली मुकाट बघत होती... थांबा, थांबा, ऐका. ओरडतंय बघा, धाकटीच्या परसातून. आणि "पाला आणलाय गं" म्हणतेय ना, तो आवाज कुणाचा, ओळखा बरं!