हरकती व सूचना

2023च्या मार्चमध्ये विभागीय आयुक्तालयात गठ्ठ्यावर गठ्ठे येऊन पडत होते. औरंगाबाद जिल्ह्याच्या ‘छत्रपती संभाजीनगर’ या नव्या नावावर सरकारनं हरकती व सूचना मागवल्या होत्या आणि लाखो लोकांनी त्या हौसेनं दिल्या. सप्टेंबरात अधिसूचना निघाली. विभाग, जिल्हा, तालुका, सगळ्यांची नावं एका फटक्यात बदलली. कुणाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं नाही.

माजी सैनिकांच्या कागदपत्रांवर मात्र हरकती मागवाव्यात असं अजून कुणाला सुचलेलं नाही. म्हणून न मागताच देतो.

समजा, कन्नड-वैजापूरकडचा एक शेषराव फौजेत भरती झाला. पलटणीतल्या उत्तरेकडच्या क्लार्कनं त्याचे जागच्या जागी दोन तुकडे केले: नाव शेष, आडनाव राव. पुढं लग्न झालं. बायको कौसाबाई. रेकॉर्डला ती लागली ‘कौशल्या देवी’ म्हणून, कारण क्लार्कसाहेबांच्या मुलखात सगळ्याच बायका देवी. आधार कार्डावर ती कौसाबाई शेषराव. जन्मतारीख गुरुजींच्या कृपेची, 1 जून. शेषराव आहेत तोवर हे सारं ट्रंकेत सुखानं पडून असतं. ते गेले, की कौशल्या देवी नावाची दुसरी कुणी बाई नाही हे कौसाबाईंना सिद्ध करावं लागतं. आधी प्रतिज्ञापत्र. मग दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक इंग्रजी, म्हणजे कौसाबाईंना आपलंच नाव बदलल्याचं दुसऱ्याकडून वाचून घेता येतं. मग सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, मग रेकॉर्ड ऑफिस आणि सरतेशेवटी प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाहून सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश.

प्रयागराज म्हणजे 2018पर्यंतचं अलाहाबाद. पूर्वी औरंगाबादहून अलाहाबादला जाणारा अर्ज आता छत्रपती संभाजीनगरहून प्रयागराजला जातो. दोन्ही शहरांचं काम झालं. कौसाबाईंचं ‘प्रक्रियेत आहे’.

दुसरी हरकत हयातीच्या दाखल्याची. 2022 साली 58,275 संरक्षण निवृत्तांची एप्रिलची पेन्शन महिनाअखेर खात्यात आलीच नाही. हे लोक हयात आहेत, असं बँकांकडून संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीला कळलेलं नव्हतं. बोंबाबोंब झाली तेव्हा 4 मे रोजी खास सवलत देऊन पैसे सोडले. मधले चार दिवस ही मंडळी सरकारदरबारी ना जित्यात ना मेल्यात.

आता तर मोबाइलवर चेहरा दाखवून हयात असल्याचं सिद्ध करता येतं. सोय उत्तमच, पण ॲप म्हणतं, पापणी लववा. आमचे हवालदारसाहेब कॅमेरा समोर आला की सावधान होतात. सावधानमध्ये डोळा हलला म्हणून उस्तादाच्या शिव्या खाल्लेला माणूस तो! साहेब टक लावून उभे, ॲप गोल गोल फिरतंय आणि नातू ओरडतोय, “आजोबा, मिटा डोळे!” जिवंत असल्याचा पुरावा म्हणून डोळे मिटायला सांगणारं हे जगातलं बहुधा एकमेव खातं असावं.

आता सूचना. सप्टेंबर 2023मध्ये अख्खं मंत्रिमंडळ बैठकीला आपल्या शहरात आलं होतं. पुढच्या खेपेला येईल तेव्हा विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ घालावी आणि दिल्लीला शिफारस करावी: माजी सैनिकांच्या कागदांवरचे राव, बाई आणि देवी एकाच अधिसूचनेनं जुळवून घ्यावेत, आणि जाहिरातीची अट काढून टाकावी.

मजकूर पानावर लागला आणि आमच्या जाहिरात विभागाचा निरोप आला. बाकी सगळं छापा म्हणाले, शेवटच्या अटीला तेवढा हात लावू नका.