म घुबडाचा

इजिप्तला जायचं ठरलं तेव्हा बायकोने चालायचे बूट घेतले आणि मी व्याकरण घेतलं. सहल कंपनीच्या यादीत टोपी, गॉगल, जुलाबाच्या गोळ्या असं सगळं होतं, व्याकरण नव्हतं. पण ज्याचा जन्म बँकेच्या काउंटरमागे लोकांच्या सह्या पडताळण्यात गेला, त्याला कुठल्याच लिपीची भीती वाटत नाही. मला डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा लागते. फॅरोंचं काय घेऊन बसलात!

व्याकरण साधंसुधं नव्हतं. सर ॲलन गार्डिनर यांचं, १९२७ साली प्रथम निघालेलं, आजही या क्षेत्रातले लोक ज्याचं नाव अदबीने घेतात ते. मागे सातशेहून अधिक चिन्हांची यादी. पुरुष एका खात्यात, बायका दुसऱ्या, पुढे प्राणी, पक्षी, झाडं, भांडीकुंडी. खातेवारी बघितली आणि मी तिथेच विरघळलो.

सुरुवात फार सोपी आहे. घुबड म्हणजे म. पाण्याची लाट म्हणजे न. शिंगवाला साप म्हणजे फ. तोंड र, पाऊल ब, पाव त. क कमळाचा शिकलेल्या माणसाला म घुबडाचा शिकायला कितीसा वेळ लागणार? स्वर लिहायची भानगडच नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे वाद नाहीत. ओळ कुठून वाचायची ते पशुपक्षी सांगतात: त्यांची तोंडं जिकडे असतील तिकडून सुरुवात. काही चिन्हं एका दमात दोन-तीन व्यंजनं उच्चारतात, आणि काही अजिबात उच्चारायची नसतात. ती शब्दाच्या शेवटी बसून फक्त शब्दाची जात सांगतात. क्रियापद चालण्याचं असेल तर मागे चालणारे दोन पाय काढतात.

पुढे मात्र पक्षी येतात. पाकोळी काढली की 'महान'. चिमणी काढली की 'लहान' किंवा 'वाईट'. दोघींत फरक फक्त शेपटीचा: पाकोळीची दुभंगलेली, चिमणीची गोल. तीन हजार वर्षांच्या वाळूवाऱ्यानंतर भिंतीवरच्या पक्ष्याला शेपटी किती उरते, हे गार्डिनरसाहेबांनी कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही. समोरचा राजा महान की वाईट, हे माझ्यापुरतं चष्म्याच्या नंबरावर अवलंबून राहिलं.

तरीही विमानतळावरच मी सहप्रवाशांना सांगून टाकलं की मला हे वाचता येतं. सांगायचं नव्हतं, बायकोने बुटांची किंमत सांगितली, म्हणून मलाही काहीतरी सांगणं भाग पडलं.

लक्सरला कर्नाकच्या देवळात एक दालन आहे. त्यात १३४ खांब, आणि खांबांवर कोरीव लेख. गाईडने माहिती सांगून झाल्यावर दादरच्या काकू मोबाइल सरसावून म्हणाल्या, "आता तुम्ही वाचा हो काहीतरी!" सगळे माझ्याभोवती जमले. माझ्या डोळ्यांच्या उंचीला पाण्याची लाट होती आणि तिच्याखाली शिंगवाला साप. दोघेही मला तोंडपाठ.

"न, फ," मी खणखणीत आवाजात म्हणालो.

कुणी काही बोलेना.

"पुढे?" काकूंनी विचारलं.

"पुढे काही नाही. न आणि फ."

"एवढा मोठा खांब, आणि नुसतं नफ?" काकूंचा मोबाइल हळूहळू खाली येऊ लागला. सांगलीच्या इंजिनियरनी, समोरच्याची लाज राखायची असते तेव्हा खोकतात तसं खोकून घेतलं. नाशिकचं नवं जोडपं आपला सेल्फी घ्यायला निघालं. तेव्हा माझ्या तोंडातून, मी न बोलवता, पुढची वाक्यं बाहेर आली.

"अर्थात, हा झाला वरवरचा उच्चार. आतला अर्थ असा, की आदिजलातून काळसर्प वर येतो. जो त्याला ओळखतो, तो मृत्यूच्या पलीकडे जातो."

"अहाहा!" काकूंचा मोबाइल वर गेला. "पुन्हा एकदा म्हणा. रेकॉर्ड करते."

मी पुन्हा म्हणालो, जरा थांबून थांबून. नाशिकचं जोडपं परत आलं. इंजिनियरनी वहीत उतरवून घेतलं. आमचा गाईड इजिप्तविद्या रीतसर शिकलेला, स्वभावाने गरीब माणूस. त्याने इंग्रजीत हळूच सांगितलं, "सर, इथे फक्त 'त्याला' असं लिहिलंय."

त्याला! शाळेतल्या स, ला, ते मधला ला! काळसर्प, आदिजल आणि मृत्यूच्या पलीकडचं सगळं एका चतुर्थी विभक्तीत आटोपलं. मी घाबरून काकूंकडे बघितलं. काकू शेजारणीला सांगत होत्या, "गाईडला काय, वरवरचंच शिकवतात हो."

त्या रात्री बोटीवर झोप येईना, म्हणून मी या लिपीचा इतिहास चाळत बसलो, आणि आपण किती थोर घराण्यातले आहोत हे मला कळलं. आमचे मूळपुरुष होरापोलो. यांच्या नावावरचं ग्रीक हस्तलिखित पंधराव्या शतकात अँड्रॉस बेटावर सापडलं आणि साऱ्या युरोपने डोक्यावर घेतलं. गिधाडाचं चित्र म्हणजे 'आई', असं त्यात आहे, आणि ते बरोबरही आहे. पण का? तर गिधाडांत नर नसतोच, म्हणून! हंस कुळातला पक्षी म्हणजे 'मुलगा', हेही बरोबर. का? तर हा पक्षी लेकरांवर फार जीव टाकतो. खरं कारण एवढंच, की त्या पक्ष्याचं नाव आणि 'मुलगा' हा शब्द यांतली व्यंजनं एक होती. उत्तर बरोबर आणि रीत साफ चूक. आमच्या वेळी अशा गणिताला अर्धे गुण मिळायचे. होरापोलोंना शतकानुशतकं पैकीच्या पैकी मिळत राहिले.

त्यांच्यानंतर घराण्याचा खरा सूर्य उगवला तो सतराव्या शतकात, रोममध्ये. अथानासियस किर्चर, जेझुइट पंडित. माणूस लेचापेचा नव्हे. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक भाषा जुन्या इजिप्शियन भाषेच्याच वंशातली, हे त्याने ओळखलं आणि युरोपला तिच्या अभ्यासाची वाट दाखवली. पण स्तंभावरची चित्रं समोर आली की त्याचं माझ्यासारखंच व्हायचं. एका स्तंभावर एप्रिस राजाचं नुसतं नाव आहे. किर्चरने त्यातून ओसायरिसची कृपा, पवित्र विधी आणि नाईलचं वरदान असं भलंमोठं वाक्य काढलं. त्यालाही 'न, फ' म्हणून गप्प बसवलं नसणार. भोवती रोमचे काका-काकू असणारच.

शिवाय त्याला चूक म्हणणारं कोण होतं? तारीख घातलेला शेवटचा चित्रलिपीतला लेख फिलेच्या देवळात आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. पुढे काही काळात लिपी जाणणारा शेवटचा पुजारी गेला आणि तब्बल चौदा शतकं कुणीही काहीही वाचायला मोकळा झाला. किर्चरमध्ये आणि माझ्यात फरक एवढाच, की त्याच्या शेजारी गाईड उभा नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेकवर मंडळींनी मला रोझेटा शिळेवर बोलायचा आग्रह केला. गाईडला सुट्टी होती, त्यामुळे मीही मोकळेपणाने उभा राहिलो. १७९९ साली नेपोलियनच्या सैनिकांना रशीद गावाजवळ ही शिळा सापडली, पुढे इंग्रजांनी ती लंडनला नेली, तिच्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत आहे: वर चित्रलिपी, मध्ये डेमॉटिक, खाली ग्रीक. इथवर सगळे माना डोलावत होते.

"पण मजकूर काय?" काकूंनी विचारलं. "सर्पाचं काही?"

मजकूर इ.स.पू. १९६ चा. पाचव्या टॉलेमीने देवळांना करात सवलती दिल्या, म्हणून पुजाऱ्यांनी ठराव केला की प्रत्येक देवळात राजाची मूर्ती बसवावी, आणि हा ठराव कठीण दगडावर तिन्ही लिप्यांत कोरून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दर्जाच्या देवळांत उभा करावा. हे ऐकताच मागच्या खुर्चीत पेंगणारे, मंत्रालयातून निवृत्त झालेले गृहस्थ ताडकन उठून बसले.

"अहो, हा जीआर आहे!" ते म्हणाले. "संदर्भ, विषय, सवलत, शेवटी 'प्रत माहितीसाठी'. सगळं आहे की!" सबंध सहलीत त्यांना आनंद झालेला मी तेवढाच पाहिला. बाकीच्यांचे चेहरे मात्र पडले. जगातली सर्वांत गूढ शिळा, आणि तिच्यात करसवलत!

बोटीवरचं वातावरण सावरायला मी ही लिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंना पुढे केलं. शेवटी त्यांच्यात आणि माझ्यात आकड्यांची ओढ सारखीच. त्यांनी काय केलं? चिन्हं मोजली. शिळेवरच्या उरल्यासुरल्या भागात चित्रलिपीची १४१९ चिन्हं, आणि त्याच्या जोडीच्या ग्रीक मजकुरात शब्द ४८६. प्रत्येक चित्र म्हणजे एक गूढ कल्पना असती, तर हिशोब असा कसा निघेल? टॅली बसत नाही म्हणजे कुठेतरी नोंद चुकलीय. म्हणजे यात आवाज आहेत. ही बेरीज कुठल्याही बँकेतल्या कारकुनाने केली असती. पण चौदा शतकं सगळे ध्यान लावून बसले होते, मोजायला कुणाला सुचलंच नाही.

लंडनचे डॉक्टर टॉमस यंग, प्रकाश लाटांनी जातो हे दाखवणारे, त्यांनी टॉलेमीच्या नावातले काही आवाज ओळखले होते. पण त्यांना वाटे, आवाज फक्त परक्या राजांच्या नावांपुरते. शांपोलियोंच्या हाती १८२२ च्या सप्टेंबरात अबू सिंबेलच्या लेखांच्या नकला आल्या. एका राजाच्या नावाच्या चौकटीत आधी सूर्य, शेवटी दोन स. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे' म्हणतात. मधलं चिन्ह 'म-स'. रामसेस! अस्सल देशी राजा, आणि तोही आवाजांत लिहिलेला. कॉप्टिक त्यांना इतकी येई, की ते मनातल्या मनात तीत बोलत. असं म्हणतात, की ते धावत भावाकडे गेले, "जमलं!" म्हणून ओरडले आणि बेशुद्ध पडले.

"शेवटी तब्येतीला जपायला हवं," एवढाच बोध काकूंनी घेतला.

पुढची देवळं माझ्या मुळावर आली. मी शिकलो होतो चार हजार वर्षांपूर्वीची अभिजात भाषा. आणि नाईलवरच्या बोटी जिथे जिथे थांबतात ती डेंडेरा, एस्ना, एडफू, कोम ओम्बो, फिले ही सगळी ग्रीक-रोमन काळातली. आपली विद्या आपल्यापुरतीच राहावी म्हणून की काय, तोवर पुजाऱ्यांनी चिन्हांची संख्या कित्येक हजारांवर नेली होती. एस्नाला तर एक स्तोत्र जवळजवळ सगळं मेंढ्यांच्या चित्रांत लिहिलंय आणि दुसरं मगरींच्या. मेंढा, मेंढा, मेंढा. मी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि बायकोने मला पाणी प्यायला लावलं. डेंडेराला मात्र राजाच्या नावाची एक चौकट मी गाईडच्या आधी, पूर्ण, बिनचूक वाचली. ती रिकामी होती. त्या काळात टॉलेमींच्या घरातच इतकी भांडणं चालू होती, की गादीवर कोण टिकतंय याची खात्री नसल्याने कारागिरांनी चौकटी कोरून ठेवल्या आणि नावं सोडून दिली.

कैरोच्या संग्रहालयात शेवटच्या दिवशी माझी वेळ आली. एका कोपऱ्यात कुणा अधिकाऱ्याची साधी स्मृतिशिळा होती. ओळ उजवीकडून. सुरुवातीला राजाचं चिन्ह, जे वाचताना नंतर येतं, पण राजा म्हणून लिहिताना आधी बसवायचं. सरकारी शिष्टाचार तेव्हाही कडक! आणि मग सगळं आपोआप उलगडत गेलं: राजाने दिलेला नैवेद्य, पाव, बिअर, बैल, पक्षी, वस्त्रं. पुढे कमळाचं चिन्ह, म्हणजे हजार. प्रत्येक गोष्ट हजार! शिवाय अशा शिळांवर वाटसरूला विनंतीही असते: बाबा रे, जाता जाता एवढं मोठ्याने म्हण, तुझं काही खर्च होत नाही, नुसता तोंडचा वारा. म्हटलं की मृताला ते पोचतं.

गाईडने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पर्फेक्ट, सर!" मी अभिमानाने वळलो. माझ्या तोंडच्या वाऱ्यावर चार हजार वर्षांचा भुकेला माणूस नुकताच जेवला होता.

"पाव आणि बिअर?" दादरच्या काकू म्हणाल्या. "इतकं साधं कसं असेल? काका दमलेत आज." आणि सगळे तुतनखामेनच्या मुखवट्याकडे निघून गेले.

परतल्यावर काही आठवड्यांनी पुतण्याकडून एक सुप्रभात संदेश आला. मागे सूर्योदय, पुढे पिरॅमिड, आणि मध्ये: 'आदिजलातून काळसर्प वर येतो. जो त्याला ओळखतो, तो मृत्यूच्या पलीकडे जातो.' खाली लिहिलं होतं, 'सम्राट रामसेस दुसरा'. मी अंगठा दाखवला. खुद्द रामसेसच्या नावावर खपत असेल तर मधे पडणारा मी कोण?

त्याच जोरावर आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने मला व्याख्यानाला बोलावलंय. मी विषय कळवला: 'चतुर्थी विभक्ती आणि करसवलत'. चिटणिसांचा लगेच फोन. "व्याकरण नको हो, गूढ सांगा. लोक गूढासाठी येतात." मानधनाचं विचारलं, तर म्हणाले, "मानधन नाही, पण एक बटाटेवडा आणि अर्धा कप चहा नक्की."

चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला, काही न बोलता, हजार पाव, हजार घागरी बिअर आणि वर बैल मिळत होते. मी जिवंतपणी तासभर बोलणार आणि वडा एक. तरी मी हो म्हटलंय. काळसर्प दुसऱ्या अर्ध्यात आणावा म्हणतो, वडे वाटून झाल्यावर.