मागे बसलेल्या ब्रेकरसाहेबांस

प्रति,
माननीय ब्रेकर मशीनसाहेब,
मुक्काम : मालकांची व्हॅन, मागची बाजू



आपण सोळा किलोंचे. गाडीत आपल्या शब्दाला वजन नसेल, पण आपल्याला आहे. तरी सीटबेल्टची सक्ती आम्हालाच. लावला नाही तर दंड. आपण मात्र टाइल्सच्या खोक्यांवर ऐसपैस पहुडलेले. मोठ्यांना कोण विचारणार?

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मी ब्रेक दाबतो, तो गाडीला लागतो, आपल्याला नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर आदळून जागीच थांबली, तर आपण माझ्या मानेकडे ज्या वेगाने निघाल, तो सहा मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा असतो. ताशी ६० असेल तर चौदा मीटर. साइटवर वरून काही पडताना निदान कुणीतरी 'बाजूला व्हा' म्हणून ओरडतं.

आपल्या बंदोबस्ताला सुतळी नेमली आहे. युरोपातल्या मानकानुसार मालाची बांधणी पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट जोर सोसणारी लागते. आमच्या मालकांचं मानक : 'हलवून बघ. हलत नाही ना? मग चल.' रॅचेट बेल्ट मागितला, तर म्हणाले, "वारज्यापर्यंतच तर जायचंय." सीटमागे लोखंडी जाळी मागितली, तर "मग पाइप कुठून घालायचे?" मुद्दा बरोबर आहे. पाइप गाडीबाहेर डोकावला तर २०,००० रुपये दंड. म्हणून तो आता आतच असतो, टोक माझ्या कोपराशी. कायदा पाळणारा माणूस!

तेव्हा विनंती एवढीच, की जाळी येईपर्यंत आपण खोक्यांवरून उतरून तळाला, सीटच्या पाठीला अगदी चिकटून बसावं. मध्ये वीतभर फट राहिली तरी आपल्याला धाव घ्यायला तेवढी पुरते. आणि सुतळीताईंना निवृत्त करावं. त्यांचा जन्म मिठाईच्या खोक्यांसाठी आहे.

आपला,
पुढच्या सीटवरचा ड्रायव्हर

ता. क. : शेजारी ॲसिटिलीनची टाकी आडवी झोपवली आहे. तिच्या पोटात ॲसिटोन असतं, म्हणून तिला उभंच ठेवायचं आणि उभंच बांधायचं असतं. मालक म्हणाले, उभी केली की पडते.