सुरक्षेची टक्केवारी

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेला साक्षात्कार झाला: एन्व्हिडिया कंपनीची ए१०० ही एआय चिप चीनच्या हाती पडली तर राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात येईल. कंपनीने निर्यातबंदीचा नियम नीट वाचला. चिपांनी आपसात डेटा किती वेगाने द्यायचा, याची मर्यादा होती सेकंदाला ६०० गिगाबाइट. कंपनीने वेग ४०० वर आणला, नाव ठेवलं ए८००, आणि माल रवाना! वर्षभराने तीही बंद. मग आली एच२०. एप्रिल २०२५ मध्ये तिलाही परवाना लागला, आणि कंपनीने साडेपाच अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला.

ऑगस्टमध्ये खरा तोडगा निघाला. चीनमधल्या विक्रीतले १५ टक्के सरकारजमा करा, परवाना घेऊन जा. म्हणजे धोका होता, पण पंधरा टक्क्यांत मिटण्यासारखा. (आपल्याकडचे टक्केवारीवाले उगाच बदनाम.) डिसेंबरमध्ये कितीतरी ताकदवान एच२००ला वाट मोकळी करताना दर थेट २५ टक्के. धोका मोठा, तर हिस्साही मोठा. हिशेब चोख आहे.

बीजिंगही काही कमी नाही. चिप मिळत नाही म्हणून इतका काळ थयथयाट केला आणि एच२० दारात येताच ‘हिच्यात छुपी चोरवाट तर नाही ना?’ म्हणून कंपनीलाच जाब विचारायला बोलावलं.

एच२० काय किंवा एच२०० काय, दोन्ही बनतात तैवानमध्ये.